नाताळच्या दिवसांत घर आणि बाजार



मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायात एका घरधन्याचे उदाहरण आहे. चोर रात्रीच्या कोणत्या प्रहरी येईल हे त्याला ठाऊक नसते. डिसेंबरात आपल्या घरांची गोष्ट याहून थोडी वेगळी होते. चोराची वेळ आपल्याला ठाऊक नसतेच. पण आपली वेळ मात्र त्याला चांगली ठाऊक असते. २४ तारखेच्या रात्रीच्या उपासनेची वेळ चर्चच्या फाटकावर लिहिलेली असते. कोणत्या दारावर चांदणी लागली आहे हे रस्त्यावरून दिसते. त्या दोन तासांत त्या घरात कोण असेल, याचा अंदाज बांधायला फार हुशारी लागत नाही. म्हणून या वेळचा अभ्यास अगदी घरगुती विषयावर घेतला आहे.

आधी बंद घराविषयी. घरफोडीच्या बातम्यांत 'कडीकोयंडा उचकटून' हे शब्द नेहमी वाचायला मिळतात. आपण महागडे कुलूप घेतो, पण ते ज्या कोयंड्यात अडकवतो तो दोन आखूड स्क्रूंवर उभा असतो. सुताराला बोलावून लांब स्क्रू मारून घेणे किंवा दारातच बसणारे कुलूप लावणे, हा खर्च कुलपाच्या किमतीपेक्षा जास्त उपयोगी पडतो. बाहेर लटकणारे कुलूप तर घरात कोणी नाही हेच सांगते. चावी कुंडीखाली, मीटरच्या पेटीत किंवा चपलांच्या कपाटात ठेवू नये. या जागा सर्वांना पाठ आहेत. गावी जायचे असेल तर दूध आणि वर्तमानपत्र बंद करावे, शेजाऱ्यांना सांगावे, पोलीस ठाण्यातही कळवावे. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये किंवा भरवशाच्या नातेवाइकाकडे द्यावेत. प्रवासाचे फोटो परत आल्यावर टाकले तरी कोणाचे काही बिघडत नाही.

पण माझ्या मते सर्वांत जास्त जपायला हवे ते घरी थांबणाऱ्या माणसाला. गुडघे दुखतात म्हणून आजी रात्रीच्या उपासनेला येत नाहीत, आजोबा दुपारी एकटेच असतात. अशा माणसांना फसवण्याच्या रीती जुन्या आहेत, तरी अजून चालतात. "सोने पॉलिश करून देतो" म्हणत दोघे दारात येतात. रस्त्यावर साध्या वेषातला कोणी "मी पोलीस आहे, पुढे चोरी झाली आहे, दागिने काढून कागदात बांधून ठेवा" असे सांगतो, स्वतः पुडी बांधून देतो आणि घरी आल्यावर पुडीत खडे निघतात. खरा पोलीस कोणाला रस्त्यात दागिने काढायला लावत नाही. फोनवरही हाच खेळ नव्या वेषात आला आहे. व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस दिसतो, "तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, कोणाला सांगू नका" असे धमकावतो आणि पैसे पाठवायला लावतो. डिजिटल अटक नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही.

या साऱ्या प्रकारांत चोराला उपयोगी पडतो तो आपल्या वडीलधाऱ्यांचा भिडस्तपणा. दारात आलेल्याला नाही कसे म्हणायचे, अधिकाऱ्याचा फोन मध्येच कसा ठेवायचा, असे त्यांना वाटते. "कोणालाही दार उघडू नका" एवढे सांगून आपण निघून गेलो तर ते पुरत नाही. त्यांना एक तयार वाक्य द्यावे: "आधी मुलाला फोन लावते, मग बघू." दोनदा तोंडाने म्हणूनही घ्यावे. दाराला साखळी बसवावी, आणि तीन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवावेत: घरातल्या एकाचा, शेजाऱ्यांचा आणि ११२. हा शेवटचा देशभरचा आपत्कालीन क्रमांक आहे. पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका, तिन्हींसाठी चालतो.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. सणाच्या गडबडीत एखादी अंगठी जागेवर सापडली नाही की पहिले बोट घरकामाच्या बाईकडे किंवा पाड्यावरून कामाला आलेल्या मुलीकडे जाते. ती अंगठी पुढे गादीखाली किंवा पिठाच्या डब्यात सापडते, पण तोवर त्या मुलीचे काम आणि नाव दोन्ही गेलेले असते. आधी शोधावे, मग बोलावे. मौल्यवान वस्तू कुलपात ठेवल्या तर आपल्याबरोबर तिचेही रक्षण होते. घरी ती एकटी असेल तर वरचे तयार वाक्य तिलाही शिकवावे. कोणाला आत घ्यायचे नाही, हे ठरवण्याचा अधिकार तिला आपण स्पष्ट दिला पाहिजे.

आता स्वयंपाकघर आणि सजावट. करंज्या तळताना कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी ओतू नये. पाण्याची क्षणात वाफ होते आणि जळते तेल अंगावर उडते. गॅस बंद करून कढईवर झाकण ठेवावे आणि ती पूर्ण थंड होईपर्यंत हलवू नये. सिलिंडरचा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. वास आला तर दिव्याचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये, रेग्युलेटर बंद करून दारेखिडक्या उघडाव्यात आणि बाहेर जाऊन १९०६ वर कळवावे. गोठ्याच्या देखाव्यात सुका पेंढा आणि कापूस असतो, त्याच्याजवळ खरी मेणबत्ती नको. जुन्या माळेची वायर कुठे उघडी पडली आहे का, हे लावण्याआधी पाहावे. चर्चला निघताना चांदणी आणि माळा बंद करून निघावे.

बाजारात गर्दी आणि घाई बरोबरच चालतात. पाठीवरची सॅक पुढे घ्यावी, पर्स रस्त्याच्या बाजूला न धरता दुकानांच्या बाजूला धरावी, गळ्यातले पदराखाली किंवा ओढणीखाली घ्यावे. कोणी "तुमच्या नोटा खाली पडल्या" किंवा "कपड्यावर घाण लागली" म्हणाले तर आधी हात पिशवीवर ठेवावा आणि मग वळावे. लहान मुलाच्या खिशात आपला फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्यावी. चुकामूक झालीच तर त्याने चालत राहू नये, गल्ल्यावर बसलेल्या दुकानदाराला किंवा पोलिसाला सांगावे. लोकलमध्ये अडचण आली तर १३९ हा रेल्वेचा क्रमांक आहे.

खरेदीतला आजचा मोठा धोका मोबाइलमध्ये आहे, आणि त्याची किल्ली एकच: पिन टाकला की पैसे जातात, कधीच येत नाहीत. "परतावा मिळेल, कोड स्कॅन करा, पिन टाका" असे कोणी म्हटले की समजावे, तो पैसे घेतो आहे. दुकानातला कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर येणारे नाव दुकानदाराला वाचून दाखवावे, कारण मूळ कोडावर दुसरा चिकटवण्याचे प्रकार होतात. नाताळात मदतीची आवाहनेही खूप येतात. ज्या संस्थेच्या नावाने आवाहन आहे तिच्या माहितीतल्या नंबरवर फोन करूनच पैसे पाठवावेत. खऱ्या संस्थेला अशा चौकशीचा राग येत नाही. न मागवलेले पार्सल आले आणि ते रद्द करण्यासाठी कोणी ओटीपी मागितला, तर तो देऊ नये.

पैसे गेलेच तर लाजेने गप्प बसू नये, आणि "सोमवारी बँकेत जाऊन पाहू" असेही म्हणू नये. लगेच १९३० वर फोन करावा आणि बँकेलाही कळवावे. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात फिरवली जाते. ती काढून घेतली जाण्याआधी कळले तर खात्यातच रोखता येते. म्हणून इथे मिनिटे मोलाची आहेत, आणि हा क्रमांक सुटीच्या दिवशीही लागतो. फोन चोरीला गेला तर पोलीस तक्रार करून 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावर तो बंद करता येतो. त्यासाठी फोनचा आयएमईआय क्रमांक लागतो. स्टार, हॅश, ०६, हॅश दाबले की तो पडद्यावर दिसतो. बाजाराला निघण्याआधी घरातल्या सगळ्या फोनांचे क्रमांक एका वहीत उतरवून ठेवावेत.