लेकरू नावाचा गुरू



आजचं वाचन आहे भागवताच्या अकराव्या स्कंधातला नववा अध्याय. यदू राजाने विचारलं होतं, तुझ्याजवळ काहीच नाही, तरी तू इतका आनंदी कसा? त्यावर अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो. पृथ्वी, समुद्र, मधमाशी, कोळी... आणि त्यांत एक लहान मूल! (यादीत पंडित मात्र एकही नाही, बरं का.)

मुलाकडून तो काय शिकला? मला मान-अपमान नाही, घरादाराची चिंता नाही, मी स्वतःशीच खेळतो, स्वतःतच रमतो.

मुलाच्या हातात रिकामं खोकं द्या. घटकेत त्याची गाडी होते, घटकेत घर, मग ते डोक्यावर चढतं. मुलाला सुचतं आणि ते लगेच करून बघतं. ‘लोक हसतील का?’ हा प्रश्न मध्ये येतच नाही. आपल्यालाही मीटिंगमध्ये काहीतरी सुचतं, पण तोंड उघडायच्या आधी आपणच ते बाद करून टाकतो. कल्पना आली होती, मानाने तिला दारातच अडवलं.

पण इथे एक मेख आहे. अवधूत म्हणतो, निश्चिंत दोघेच असतात: काहीच न कळणारं भोळं मूल आणि गुणांच्या पलीकडे गेलेला पुरुष. आता आपण काही पुन्हा भोळे होणार नाही. घरभाडं कळलंय, अप्रेझल कळलंय. आपल्यासाठी दुसरीच वाट उरते, सगळं कळूनही खेळायचं.

असं कुणी केलंय का? आपल्या नाथमहाराजांकडे बघा ना. याच अकराव्या स्कंधावर त्यांनी मराठीत टीका लिहिली, ती १५७३ मध्ये काशीत पूर्ण झाली. एवढा विद्वान माणूस, आणि भारुडात विंचू चावल्यासारखा ओरडतो! कधी जोशी होतो, कधी वासुदेव. मुलं घर-घर खेळताना घेतात तशीच ही सोंगं. पांडित्याची इभ्रत सांभाळत बसले असते, तर आपल्याला भारुडं मिळालीच नसती.

ही इभ्रत सोडायची कशी, ते मुलाच्या अगदी आधीच्या गुरूने सांगितलंय. कुरर पक्ष्याच्या चोचीत मांसाचा तुकडा होता, म्हणून बलवान पक्षी त्याच्या मागे लागले. त्याने तुकडा टाकला आणि तो सुखी झाला. हा क्रम मला फार बोलका वाटतो: आधी चोच मोकळी, मग खेळ.

तर आज दहा मिनिटं काढा. चित्र काढा, चाल लावा, दोन ओळी लिहा, काहीही. फक्त फोटो काढू नका, स्टेटसला टाकू नका, कुणाला पाठवूही नका. पाचव्या मिनिटाला हात फोनकडे जाईलच. तेव्हा कुरर आठवा.

उद्या याच अध्यायातला बाण घडवणारा कारागीर पाहू.