हातातील मोडलेला स्क्रू : काढावा की राहू द्यावा?

मनगटासह हाताच्या पंजात 27 हाडे असतात. ती मोडल्यास स्थिर ठेवण्यासाठी घातलेली तार अथवा दीड-दोन मिलिमीटर जाडीचा स्क्रू कधी आतच तुटतो. ‘धातू निकृष्ट होता काय?’ असा प्रश्न नातेवाईक प्रथम विचारतात. तो स्वाभाविकच आहे; परंतु बहुधा हाड वेळेत न सांधल्याने वारंवार ताण पडून धातू थकलेला असतो. अशा वेळी तुकड्यापेक्षा हाडाची चिंता अधिक.

हाड सांधलेले असेल आणि तुकडा सांध्यात अथवा बोटे हलविणाऱ्या कंडरेस टोचत नसेल, तर तो आत राहू देणेच पुष्कळदा हितावह ठरते. कारण डोके तुटलेल्या स्क्रूला पेचकस लागत नाही. त्याच्याभोवती पोकळ ड्रिल फिरवून हाडही कोरावे लागते. मांडीच्या हाडात हे छिद्र किरकोळ. बोटाच्या हाडात मात्र ते रुंदीचा मोठा हिस्सा घेते व तेथे हाड पुन्हा मोडण्याचा धोका राहतो. (आम्हां वाणिज्य शाखेच्या मंडळींना हा जमाखर्च चटकन उमगतो.)

तुकडा काढावयाचा ठरल्यास पहिल्या शस्त्रक्रियेची कागदपत्रे व क्ष-किरण चित्रे अवश्य आणावीत. स्क्रूची बनावट आधी कळल्यास त्यास बसणारे पेचकस अगोदर मागवून ठेवता येते.