घरगुती साबण : स्नेह, क्षार आणि तराजू

"कडुलिंबाचा घरी केलेला साबण मिळेल का?" ही पृच्छा चिकित्सालयात व औषधालयात आता नित्याची झाली आहे. संहितांत स्नानासाठी उद्वर्तन, चूर्ण, कषाय आहेत. आजच्या अर्थाचा साबण नाही. मात्र त्याची दोन्ही मूलद्रव्ये, स्नेह व क्षार, आपल्या परिचयाची आहेत. सुश्रुत सूत्रस्थानाचा ११ वा अध्याय क्षारपाकविधीचाच आहे.

आम्ही पहिला साबण केला तो वाटीच्या मापाने. पुढे खोबरेल महाग झाले म्हणून निम्म्या खोबरेलाऐवजी तीळतेल घेतले, कॉस्टिक सोडा मात्र तेवढाच ठेवला. वड्या दिसावयास नीटस होत्या. आठव्या दिवशी त्यांतील एक विचर्चिकेच्या रुग्णास दिली. चार दिवसांत त्याच्या कोपराच्या खोबणीत दाह, आरक्तता व भेगा! रुग्ण 'पथ्य चुकले असेल' म्हणत होता. चुकले होते आमचे माप. १०० ग्रॅम खोबरेलास सुमारे १८.३ ग्रॅम सोडा लागतो, तीळतेलास सुमारे १३.५ आणि एरंडेलास सुमारे १३. उरलेला क्षार त्वचेवर आपले कर्म करतो.

म्हणून पाण्यासह सर्व द्रव्ये वजनानेच घ्यावीत. खोबरेल ७००, तीळतेल २०० व एरंडेल १०० ग्रॅम यांस हिशेबाने १६८ ग्रॅम सोडा लागतो. त्यातून ५ टक्के कमी करून १६० ग्रॅम घ्यावा, म्हणजे थोडा स्नेह शिल्लक राहतो. पाणी ३३० ग्रॅम. सोडा पाण्यात टाकावा, पाणी सोड्यावर कदापि ओतू नये. पात्र स्टेनलेस स्टीलचे असावे. अ‍ॅल्युमिनियमवर सोड्याची क्रिया होऊन ज्वलनशील हायड्रोजन वायू निघतो. हातमोजे व चष्मा हवाच. अंगावर थेंब उडाल्यास क्षारदग्धावर अम्ल हे सूत्र आठवून लिंबू शोधत बसू नये. प्रथम वाहत्या पाण्याने निदान २० मिनिटे धुवावे. द्रावण व तेल दोन्ही ४० अंश सेल्सियसच्या आसपास आल्यावर एकत्र करून, चमच्याची रेघ पृष्ठभागावर टिकेपर्यंत ढवळावे व साच्यात ओतावे. एकदोन दिवसांनी कापून वड्या सावलीत, हवेशीर जागी ४ ते ६ आठवडे ठेवाव्यात.

वनौषधींचे काय? हळदीवर क्षाराची क्रिया होऊन कुंकू कसे होते, हे आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना ठाऊक असे. साबणात घातलेली हळदही तशीच लालसर होते. वनस्पतीचा गुण त्वचेवर हवा असेल तर आम्ही उटणे किंवा लेप देतो. साबणात चूर्ण घालून गुणांची यादी वेष्टनावर छापणे आम्हांस रुचत नाही. उत्तम पक्व साबणाचाही पीएच ९ ते १० असतो, त्वचेचा साधारण ५ च्या आसपास. त्यामुळे कोरड्या विचर्चिकेत आम्ही आता साबण बंदच करतो, मग तो घरचा असो वा बाजारचा.

औषधालयचालकांसाठी एक गोष्ट : विक्रीसाठी साबण करणे हे सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० नुसार परवान्याचे काम आहे. घरच्या वापराची वडी आणि फळीवर विकावयास मांडलेली वडी यांत कायदा भेद करतो. त्वग्रोग बरा होतो असा दावा केल्यास प्रश्न औषधी परवान्याचा होतो.