स्पिंडलमध्ये नेमकं कोणतं टूल आहे?

अकलूजमध्ये दुपारी लाइट गेली म्हणून कुणी दचकत नाही. शेजारचा वेल्डर होल्डर खाली ठेवतो, काच कपाळावर सरकवतो आणि चहा सांगतो. त्या दिवशी मीही तसाच रस्ता ओलांडून चहाला गेलो. मिलिंग मशीन टूल बदलता बदलता मध्येच थांबलं होतं, ते तसंच सोडून. पाऊण तासानं लाइट आली. मी मशीन होमिंगला घेतलं, प्रोग्रॅम सुरू केला आणि टूल सरळ व्हाइसच्या जबड्यात घुसलं. मशीनच्या हिशेबानं स्पिंडलमध्ये 3 नंबरचं आखूड स्पॉट ड्रिल होतं. प्रत्यक्षात होतं 5 नंबरचं एंडमिल, त्याच्यापेक्षा 38 मिलिमीटर लांब. कार्बाइडचा तुकडा भाच्याच्या कानाजवळून गेला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये रुतला. एकादशीच्या चौकटीत पडलेलं ते भोक अजून आहे. वर्ष उलटलं, पण कॅलेंडर उतरवायला हात धजत नाही.

टूल चेंजर घरी बनवायचं खूळ ज्यांच्या डोक्यात आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. करू नका असं सांगणार नाही, कारण मला कुणी सांगितलं असतं तर मीही ऐकलं नसतं.

आधी गरजेचं बोलू. माझं पोट चालतं ते ऊस ट्रॉल्यांच्या पिना, बुशा आणि पंपांच्या दुरुस्तीवर. गाळप हंगाम सुरू झाला की श्वास घ्यायला फुरसत नसते. मिलिंग मशीन हा माझा हौशीचा भाग. जुनं हातानं चालवायचं मशीन भंगारातून आणलं, स्टेपर मोटर आणि बॉलस्क्रू बसवले, जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्ससीएनसी टाकलं. त्यावर डाळिंबवाल्यांच्या फवारणी पंपांना लागणाऱ्या व्हॉल्व्हच्या प्लेटा करायला लागलो. एका प्लेटीला पाच टूलं लागतात: तोंड साफ करायला एक, स्पॉट ड्रिल, 6.8 चं ड्रिल, एम 8 चा टॅप आणि कडा मारायला एक. प्रत्येक बदलाला दोन पाने, वर ड्रॉबारवर एक टोला, मग लांबी पुन्हा मोजणं. दिवसाला चाळीस प्लेटा म्हणजे दोनशे बदल. मला वाटलं, चेंजर हवाच.

नको होता. एकाच फिक्स्चरमध्ये आठ प्लेटा बांधल्या असत्या आणि एका टूलनं आठही उरकून मग पुढचं टूल लावलं असतं, तर दोनशेचे पंचवीस झाले असते. फिक्स्चरला दोन रविवार पुरले असते. चेंजरला अकरा महिने गेले. फिक्स्चर मी शेवटी केलंच, पण चेंजर झाल्यावर. तेव्हा पहिला सल्ला हा: कागदावर बदल मोजा, आणि ते फिक्स्चरनं कमी होतायत का ते बघा. एवढं करूनही हौस उरली, तर ती हौस आहे हे कबूल करून पुढे वाचा. हौस म्हणून करणाऱ्याला घाई नसते, आणि या कामात सगळ्यात जास्त नुकसान घाईच करते.

ही कल्पना काही नवी नाही. अमेरिकेतल्या कीर्नी अँड ट्रेकर कंपनीनं 1958 साली मिलवॉकी-मॅटिक नावाचं मशीन काढलं, त्यात टूलं आपोआप बदलायची सोय होती. आज पुण्या-कोल्हापूरच्या कुठल्याही बऱ्या कारखान्यात उभ्या मशीनच्या बाजूला छत्रीसारखं फिरणारं मॅगझिन दिसतं. ते दोन-चार सेकंदांत टूल बदलतं. आपण ते बघतो, मोबाइलवर चित्रण करून घेतो, आणि घरी येताना एसटीत बसल्या बसल्या वहीत चित्र काढतो. दिसतं ते फक्त फिरणारं मॅगझिन. खरी मेख स्पिंडलच्या पोटात असते, आणि ती चित्रणात येत नाही.

पोटात काय असतं? टूल होल्डरच्या शंकूच्या शेंड्याला एक खुंटी असते, तिला पुल स्टड म्हणतात. ड्रॉबारच्या टोकाची पकड ती खुंटी धरते, आणि बशीसारख्या वॉशरांची चळत ड्रॉबारला सतत वर ओढून ठेवते. बीटी 30 होल्डरचा शंकू 7/24 उताराचा असतो. हा उतार इतका मोकळा, की ओढ सोडली की होल्डर आपल्या वजनानं खाली येतो. मोर्स टेपरसारखा तो स्वतःला धरून बसत नाही. चेंजरला हेच हवं असतं, आणि धोकाही इथेच असतो. कारण टूलला धरणारं असं काही असेल तर ते फक्त त्या बश्या.

पहिल्या चळतीत मी बश्या उलटसुलट न लावता सगळ्या एकाच तोंडानं लावल्या. एकात एक बसवलेल्या बश्यांनी जोर वाढतो, तोंडाला तोंड लावलेल्यांनी चाल वाढते. माझ्या चळतीला जोर होता भरपूर, चाल अर्धा मिलिमीटर. पकड उघडेचना. मी पकड उघडणारा हवेचा सिलिंडर बदलायला निघालो होतो, तेवढ्यात भाच्यानं हातातल्या दोन बश्या एकमेकींवर ठेवून दाखवल्या. एकावन्न वर्षांचा मी, आणि मला शिकवणारा आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला. अजून एक, बशी पूर्ण सपाट होईल इतकी दाबू नका. तिच्या पूर्ण चालीच्या तीन चतुर्थांशावर थांबलात तर ती वर्षानुवर्षं टिकते. त्यापुढे गेलात तर एक दिवस ती पोटात तडकते, आणि ते बाहेरून कळत नाही.

आता जोराचा हिशेब. मी ओढ धरली पाचशे किलोची. पकड सोडवायला बश्या अजून दाबायच्या, म्हणजे साडेसहाशे-सातशे किलो लागणार. हवा 6 बारची, म्हणजे एका चौरस सेंटीमीटरवर सहा किलो. 100 मिलिमीटर बोअरच्या सिलिंडरचं क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटीमीटर, म्हणून जोर चारशे सत्तर किलो. पुरत नाही. हा गुणाकार मी सिलिंडर विकत आणल्यानंतर केला. मग त्यावर दुसरा सिलिंडर चढवून जोडी केली, आणि जोर नऊशेच्या घरात गेला. पकड खाडकन उघडली आणि मी खूश.

दोन महिन्यांनी स्पिंडल रडायला लागला. आवाज बारीक होता, पिठाच्या गिरणीचा पट्टा सुटायच्या आधी येतो तसा. स्पिंडल उतरवला, बेअरिंग धुतली आणि रिंगेच्या आतून नख फिरवलं. ठराविक अंतरावर नख अडत होतं. जितके गोळे तितके खड्डे. प्रत्येक वेळी पकड सोडवताना वरून पडणारा सातशे किलोचा दाब स्पिंडलमधून बेअरिंगांवर आणि तिथून डोक्याच्या बिडावर जात होता. गोळे रिंगेवर टेकलेल्या जागी हळूहळू रुतत गेले. महागडी कोनीय बेअरिंगं, जोडीनं गेली.

यावरचा उपाय सोपा आहे, फक्त तो आधी सुचावा लागतो. हातात घट्ट बसलेली बांगडी काढताना दुसऱ्या हातानं तो हात धरून ठेवावा लागतो, नाहीतर बांगडीबरोबर आख्खा हात ओढला जातो. तसंच इथे. सिलिंडर डोक्याला पक्का बोल्ट करायचा नाही. तो दोन गाइड पिनांवर तरंगता ठेवायचा, आणि त्याच्या प्लेटीला दोन आकडे लावायचे. सिलिंडर ड्रॉबारला खाली ढकलायला लागला की प्लेट वर उचलली जाते, आणि आकडे स्पिंडलच्याच कॉलरला खालून पकडतात. ढकलणं आणि धरणं दोन्ही स्पिंडलवरच भागतं, बेअरिंगांना त्याचा पत्ता लागत नाही. काम नसताना मात्र आकडे आणि कॉलर यांच्यात मिलिमीटरभर फट राहिली पाहिजे, नाहीतर फिरता स्पिंडल आकड्यांना घासेल. ती फट मी दर महिन्याला फीलर गेजनं बघतो.

मग सेन्सर. मी एकच प्रॉक्सिमिटी लावली होती, ड्रॉबार वर आहे की नाही एवढंच सांगणारी. पण ड्रॉबार वर दोन कारणांनी असतो: टूल धरलंय म्हणून, किंवा टूलच नाही आणि पकड रिकामीच वर गेली म्हणून. दोन्ही वेळी माझं मशीन म्हणायचं, सगळं ठीक. रिकामा ड्रॉबार दोनेक मिलिमीटर जास्त वर जातो, तेव्हा तीन जागा वेगळ्या ओळखाव्या लागतात: उघडी, टूल धरलेली, रिकामी बंद. त्यातही या सेन्सरची वायर मी मोटरच्या केबलबरोबर एकाच पट्टीत बांधली होती. शेजारी वेल्डिंग सुरू झालं की सेन्सर उगाच होकार द्यायचा. वायर शील्डची घेतली, वेगळ्या वाटेनं नेली, तेव्हा त्याचं हो म्हणजे हो झालं.

स्पिंडल फिरत असताना पकड उघडता कामा नये, ही अट सॉफ्टवेअरवर सोडू नका. पकडीच्या व्हॉल्व्हच्या सोलेनॉइडच्या वायरीतच रिले घाला: स्पिंडल थांबल्याचा सिग्नल नाही तर करंटच जाणार नाही. हवेच्या लाइनवर प्रेशर स्विच टाका, माझा पाच बारला लावलेला आहे. त्याखाली टूल बदलायचा हुकूम मशीन घेतच नाही.

आता त्या दुपारकडे. मशीन 5 नंबर ठेवून 3 नंबर उचलायला निघालं होतं. चेंजरचा हात स्पिंडलखाली आला, 5 नंबरचा होल्डर चिमट्यात बसला, पकड उघडली, आणि लाइट गेली. माझा पकडीचा व्हॉल्व्ह दोन कॉइलचा होता. असा व्हॉल्व्ह शेवटचा हुकूम धरून बसतो, म्हणून पकड उघडीच राहिली. चहाहून आलो, स्पिंडलमध्ये टूल दिसलं, हातानं व्हॉल्व्हचं बटण दाबून पकड लावली, चेंजरचा हात बाजूला ढकलला. मला वाटलं, निस्तरलं. पण माझ्या मॅक्रोत नवीन टूलचा नंबर बदलाच्या सुरुवातीलाच फाइलीत लिहिला जात होता. लाइट जाण्याआधीच कॉम्प्युटरनं 3 लिहून टाकलं होतं. पुढचं वर सांगितलंच आहे.

त्यानंतर तीन गोष्टी बदलल्या. पकडीचा व्हॉल्व्ह एका कॉइलचा, स्प्रिंगनं परतणारा केला. लाइट गेली की सिलिंडर मागे येतो आणि बश्या टूल धरतात. चेंजरच्या हाताचा व्हॉल्व्ह मात्र मुद्दाम दोन कॉइलचा ठेवला, कारण अर्धवट बदलात हात आपोआप बाजूला झाला तर टूल मधल्या मध्ये लोंबकळेल. दोन्ही व्हॉल्व्ह सारखे आणू नका. दुकानदार स्वस्तात जोडी देतो म्हणाला तरी नको.

दुसरं, बदल सुरू होताच फाइलीत शून्य लिहिलं जातं. शून्य म्हणजे काय आहे ते माहीत नाही. खरा नंबर लिहिला जातो तो टूल धरल्याची खूण सेन्सरनं दिल्यावर. सुरू होताना फाइलीत शून्य सापडलं तर प्रोग्रॅम चालतच नाही.

तिसरं, टेबलाच्या कोपऱ्यात एक छोटा स्विच. प्रत्येक बदलानंतर टूल आधी त्यावर टेकतं, आणि कॉम्प्युटरच्या टूल टेबलात लिहिलेल्या लांबीपेक्षा मिलिमीटरभर जरी फरक निघाला तरी मशीन थांबतं. बदलामागे आठ-नऊ सेकंद जास्त जातात. जाऊ देत.

मॅगझिन फिरवायला मी आधी स्टेपर सरळ जोडला होता. लाइट गेली की तो ढिला पडायचा, आणि एका बाजूला जड टूलं असली की मॅगझिन आपसूक घसरायचं. आता आठ खाचांचं जिनिव्हा चक्र आहे. पिन खाचेबाहेर असली की चक्र कुलूपबंद, कितीही जोर लावा. क्रॅंकच्या एका फेऱ्यात बरोबर 45 अंश. बनवताना एकच काळजी: क्रॅंकची त्रिज्या म्हणजे दोन केंद्रांतल्या अंतराच्या 0.3827 पट, त्यात चूक झाली की पिन खाचेत शिरताना ठोका देते.

राहिली ती किरकोळ वाटणारी दुखणी. शंकूवर एक चिप राहिली तर डायल टूलच्या टोकाला दोन-तीन शतांशाचा फरक दाखवते, म्हणून पकड उघडी असताना आतून हवेचा झोत हवा. पण पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं, तीच ओली हवा झोतातून शंकूवर जाते, आणि आठवड्यात गंज धरतो. फिल्टरची बाटली रोज रिकामी करायला लागते. मी पालखीच्या गर्दीत तीन दिवस विसरलो होतो, त्याचे डाग 2 नंबरच्या होल्डरवर आहेत.

चेंजर आता बरा चालतो. प्लेटा फिक्स्चरवर होतात, त्यामुळे दिवसाला पंचवीसच बदल असतात. समोर पॉलिकार्बोनेटचं दार आहे, ते उघडं असेल तर काही हलत नाही. आणि मशीनशेजारी एक शाळेची पाटी टांगलेली आहे. लाइट गेली की भाचा आधी हवेचा कॉक बंद करतो, मग दार उघडून वाकून बघतो आणि स्पिंडलमध्ये जे दिसेल त्याचा नंबर खडूनं पाटीवर लिहितो. कॉम्प्युटर काय म्हणतोय हे तो नंतर विचारतो. चहाला मग आम्ही दोघं मिळून जातो.