उपग्रहाच्या चित्रावरून तलावाची ओळख

जी जमीन कायमची किंवा वर्षातील काही काळ उथळ पाण्याखाली असते, अथवा जिच्यात ओल सतत टिकून राहते, तिला पाणथळ जमीन म्हणतात. खाडीकाठचे खाजण, नदीकाठची दलदल, धरणाचा फुगवटा व गावचा तलाव ही सर्व पाणथळेच होत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील जुने मालगुजारी तलाव व शेतातील बोड्या यांवर धानाची शेती व मासेमारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली आणि हे तलाव शासनाकडे आले. आपल्या गावात अशी पाणथळे किती, ती कोठे आहेत व त्यांचा विस्तार पूर्वीइतका आहे काय, हे ठरविण्यास आज उपग्रहाच्या चित्रांचे मोठे साहाय्य होते. परंतु चित्र वाचणे ही विद्या आहे व ती शिकावी लागते.

चित्र कसे तयार होते

सूर्यप्रकाश जमिनीवर पडून परततो, तो उपग्रहावरील यंत्र मोजते. आपल्या डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरणही ते मोजते. पाणी हे किरण जवळजवळ सर्व शोषून घेते. हिरवे पान ते मोठ्या प्रमाणात परतविते. पाणी व पीक वेगळे ओळखता येण्याचे मर्म यातच आहे.

चित्र लहान लहान चौकटींचे बनलेले असते. भारताच्या रिसोर्ससॅट उपग्रहावरील लिस-३ यंत्राची एक चौकट २३.५ मीटर लांब व तितकीच रुंद, म्हणजे सुमारे साडेपाच गुंठ्यांची असते. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची सर्वांत बारीक चौकट १० मीटर लांबी-रुंदीची, म्हणजे जवळजवळ एक गुंठ्याची असते. एका चौकटीस एकच रंग मिळतो. तलावाच्या काठी अर्धी चौकट पाणी व अर्धी जमीन असेल, तर मिश्र रंग उमटतो. म्हणून काठाची रेषा चित्रावर कधीही काटेकोर समजू नये.

रंग कसे वाचावे

नेहमीच्या पद्धतीत अवरक्त किरणांस लाल रंग देऊन चित्र छापतात. त्यामुळे चित्रातील रंग डोळ्यांस दिसणाऱ्या रंगांहून निराळे असतात. खोल व स्वच्छ पाणी काळे किंवा गडद निळे दिसते. गढूळ अथवा उथळ पाणी फिकट निळे दिसते. उभे पीक व झाडी लाल दिसते. नांगरलेली काळी जमीन करडी-निळसर दिसते व ओली असता पाण्याचा भास करते. ढगाची व डोंगराची सावलीही काळी असते. तिला पाणी समजण्याची चूक नवशिक्याकडून हमखास होते.

याहून मोठी अडचण वनस्पतींची आहे. तलाव जलपर्णीने किंवा बेशरमने भरला, तर तो चित्रात पाण्यासारखा न दिसता उभ्या पिकासारखा लाल दिसतो. जो तलाव सर्वांत अधिक आजारी, तोच नकाशातून प्रथम नाहीसा होण्याचा संभव असतो.

एक चित्र पुरेसे नाही

ऑगस्टमध्ये धानाच्या बांध्यांत पाणी साचलेले असते आणि त्या तलावासारख्या दिसू शकतात. ऑक्टोबरमध्ये त्याच बांध्या पिकामुळे लाल होतात. तलावाचे उघडे पाणी मात्र काळेच राहते. यास्तव पावसाळ्यानंतरचे एक व उन्हाळ्यातील एक, अशी निदान दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावी. भर पावसाळ्यात ढगांमुळे साधे चित्र मिळत नाही. तेव्हा ढग भेदून जाणाऱ्या रडार लहरींनी घेतलेले चित्र उपयोगी पडते. त्यात संथ पाणी काळे उमटते.

प्रस्तुत लेखकाच्या हातून घडलेली एक चूक येथे सांगणे योग्य होईल. एका तलावाचे केवळ मार्च महिन्यातील चित्र पाहून मी त्याच्या वरच्या अंगाच्या लाल पट्ट्याची 'शेती' अशी नोंद केली. गावी गेल्यावर मासेमारी करणाऱ्या ढीवर बांधवांनी मला तेथे नेऊन उभे केले. पाणी ओसरल्यावर केलेली ती गाळपेर होती. पावसाळ्यात तेथे कमरेइतके पाणी असते आणि त्याच उथळ भागात मासे अंडी घालतात. माझी नोंद तशीच राहिली असती, तर कागदावर तो तलाव बराच लहान झाला असता व पुढे त्या जागेबद्दल कोणी तक्रार केली, तर नकाशा तक्रारदाराच्या विरुद्ध बोलला असता.

नकाशातील रेषेचे महत्त्व

अहमदाबाद येथील अंतराळ उपयोग केंद्राने देशातील पाणथळांचा नकाशासंग्रह २०११ साली प्रसिद्ध केला. त्यात २,०१,५०३ पाणथळे रेखाटलेली आहेत. हे नकाशे पन्नास हजारास एक या प्रमाणाचे आहेत. म्हणजे नकाशावरील एक मिलिमीटर हे जमिनीवर पन्नास मीटर होतात. २.२५ हेक्टर, म्हणजे सुमारे साडेपाच एकर, याहून लहान अशी ५,५५,५५७ पाणथळे केवळ ठिपक्यांनी दाखविली आहेत. आपल्या बहुतेक बोड्या या ठिपक्यांतच मोडतात. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने रेखाटलेल्या २,०१,५०३ पाणथळांना संरक्षणाची तत्त्वे लागू करण्याचा आदेश दिला. यावरून, नकाशात असणे व नसणे यांत किती अंतर आहे, हे ध्यानी येईल.

शेतकरी बंधूंनी एक गोष्ट मात्र निःशंक मनाने समजून घ्यावी. चित्रातील रंगावरून जमिनीची मालकी ठरत नाही. ती महसुली अभिलेखांवरूनच पाहावयाची असते.

गावात करावयाचे काम

१. इस्रोच्या 'भुवन' संकेतस्थळावर गावाचे चित्र पाहावे व गाव नकाशाशेजारी ठेवून प्रत्येक तलाव व बोडी यांचा गट क्रमांक लिहावा.

२. ऑक्टोबर-नोव्हेंबर व एप्रिल-मे अशी वर्षातून दोनदा प्रत्यक्ष फेरी करावी. पाळीवर उभे राहून मोबाईलवर स्थाननिर्देश घ्यावा, फोटो काढावा व तारीख नोंदवावी.

३. पाण्याची सर्वांत वरची खूण कोठपर्यंत जाते, गाळपेर कोठे होते, बेशरम वा जलपर्णी किती पसरली आहे आणि सांडवा कोठे आहे, हे लिहावे.

४. ढीवर, गुराखी व वृद्ध शेतकरी यांना विचारावे. चित्र आजचे पाणी दाखविते. तीस वर्षांपूर्वीचे पाणी त्यांच्या स्मरणात असते.

५. चित्र व प्रत्यक्ष स्थिती यांत फरक आढळल्यास तो ग्रामसभेत वाचून दाखवावा व तालुक्याच्या कार्यालयास लेखी कळवावा.

उपग्रह शेकडो किलोमीटर उंचीवरून सारा जिल्हा एका दृष्टीत पाहतो, परंतु जलपर्णीच्या खाली पाणी आहे हे त्याला सांगता येत नाही. ते पाळीवर उभ्या असलेल्या माणसालाच सांगता येते. येत्या पावसाळ्यानंतर प्रत्येक गावाने आपल्या तलावांची अशी एक यादी करून ठेवली, तर नकाशा खरा होईल व तलावही राहतील.