गाभण शेळीस लस व करडास वेळेवर चीक

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील कळंब तालुक्यात अल्पभूधारक व शेतमजूर कुटुंबांना उस्मानाबादी शेळीचा मोठा आधार असतो. ही शेळी अनेकदा जुळी करडे देते. परंतु जन्मानंतर थोड्याच दिवसांत करडे दगावल्यास पाच महिन्यांच्या गाभणकाळाचे श्रम व्यर्थ जातात. हे नुकसान बऱ्याच अंशी टाळता येण्यासारखे आहे.

संरक्षण कसे निर्माण होते

रोगजंतू शरीरात शिरला अथवा लस टोचली म्हणजे रक्तातील पांढऱ्या पेशी त्याची ओळख करून घेतात व नेमक्या त्याच जंतूविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करतात. काही पेशी ही ओळख दीर्घकाळ जपून ठेवतात. त्यामुळे तोच जंतू पुन्हा आल्यास प्रतिकार त्वरित होतो. गाभणपणीही ही शक्ती मातेचे रक्षण करीत असते.

गर्भवती स्त्रीची प्रतिद्रव्ये वारेतून गर्भास मिळतात. म्हणूनच मातेस दिलेली धनुर्वाताची लस नवजात बालकासही उपयोगी पडते. माता व नवजात बालके यांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले, त्यात या लसीचा व स्वच्छ बाळंतपणाचा मोठा वाटा आहे.

शेळी, गाय व म्हैस यांच्या वारेची रचना निराळी असते. तीतून प्रतिद्रव्ये पार होत नाहीत. ती विण्यापूर्वीच्या शेवटच्या आठवड्यांत कासेत साठतात व चिकातून करडास मिळतात. मात्र ती शोषून घेण्याची करडाच्या आतड्याची क्षमता तासागणिक घटते व सुमारे एका दिवसात संपते.

शेतकऱ्यांनी काय करावे

१. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने विण्यापूर्वी सुमारे चार आठवडे आंत्रविषाराची लस टोचून घ्यावी. पूर्वी ही लस न दिलेल्या शेळीस दोन मात्रा लागतात, म्हणून आधीच चौकशी करावी. प्रत्येक लस गाभणपणी चालतेच असे नाही.

२. करडू जन्मल्यावर शक्यतो पहिल्या तासातच चीक पाजावा. वार पडेपर्यंत चीक पाजू नये, ही समजूत घातक आहे.

३. दोन किलो वजनाच्या करडास पहिल्या दिवसात सुमारे २०० मिलिलिटर चीक तीन-चार वेळा विभागून मिळावा. जुळ्यांपैकी दुबळ्या करडास स्वतः धरून पाजावे.

४. माता दगावल्यास त्याच सुमारास व्यालेल्या दुसऱ्या निरोगी शेळीचा चीक द्यावा.

चिकाने मिळालेले संरक्षण काही महिन्यांत ओसरते. म्हणून तीन-चार महिन्यांच्या सुमारास करडासही लस टोचून घ्यावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी गाभण शेळ्यांची नोंद ठेवून पशुपालकांस या तारखांची वेळीच आठवण करून द्यावी.