बोधिगुप्त उपासकाच्या पुत्राचे शेत

प्रारंभीच्या बौद्ध उपासकांचा पाठ शिकविताना आपण बहुधा श्रावस्तीच्या अनाथपिंडकापासून आरंभ करतो. त्याचे मूळ नाव सुदत्त. जेत राजकुमाराच्या उद्यानाची भूमी नाण्यांनी आच्छादून त्याने ती भगवान बुद्धांच्या संघासाठी घेतली, ही कथा मुलांस अतिशय रुचते. भारहूतच्या स्तूपावर हा प्रसंग नाण्यांच्या गाडीसह कोरलेलाही आहे. परंतु ज्यांच्या घरी मागावर किंवा विड्यांवर संसार चालतो, अशा सोलापूरच्या मुलांस धनाने झाकलेली भूमी फार दूरची वाटते. दान हा श्रीमंतांचा गुण आहे, असा ग्रह त्यांच्या मनात रुजला, तर पाठाचा हेतूच विफल होतो. यास्तव या पाठास महाराष्ट्रातील उपासकांची जोड अवश्य द्यावी.

नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरातील लेण्यांस लोक पांडवलेणी म्हणतात. त्यांतील आठव्या क्रमांकाचे लेणे लहानसे आहे. ते मुगुदास नावाच्या गृहस्थाने सपरिवार दान दिले, असे तेथील ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख सांगतो. त्याच्या नावामागील शब्दावरून तो कोळी असावा, असा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. उपासकाने त्रिशरणासह पंचशील स्वीकारावयाचे असते आणि त्यांतील पहिले शील प्राणिहिंसेपासून विरत राहण्याचे आहे. मग कोळी उपासक कसा, असे एखादा चुणचुणीत मुलगा निश्चित विचारील. शिक्षकाने हा प्रश्न टाळू नये. लेखात त्याचे उत्तर नाही, हे सरळ सांगावे. पदरची गोष्ट रचून मुलांचे समाधान करण्याचा मोह आवरावा.

याच लेण्यास दुसऱ्या एका गृहस्थाने दान दिले. बोधिगुप्त उपासकाचा पुत्र धर्मनंदी याने पश्चिम कण्हहिनी येथील एक शेत या लेण्यास लावून दिले आणि त्याच्या उत्पन्नातून एका प्रव्रजिताच्या चीवराची, म्हणजे वस्त्राची, व्यवस्था केली. एक शेत आणि एका भिक्षूचे वस्त्र, एवढेच. श्रद्धा पित्याकडून पुत्राकडे आली आणि पुत्राने तिला दरवर्षी पिकणाऱ्या भूमीचा आधार दिला. एकदाच वस्त्र देऊन तो मोकळा झाला नाही. पुढील वर्षी, त्याच्याही पुढील वर्षी त्या भिक्षूस वस्त्र लागणार, हा विचार त्याने केला. माझ्या मते त्याच्या गुणांचे सार या दूरदृष्टीत आहे.

आता त्याच डोंगरातील दहावे लेणे पाहावे. क्षहरात राजा नहपानाचा जामात व दीनिकाचा पुत्र उषवदात याचा ४२ व्या वर्षाचा लेख तेथे आहे. त्याने ३००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवले: एकीकडे २०००, दरमहा शेकडा १ व्याजाने, दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याज भोगावयाचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासास राहणाऱ्या २० भिक्षूंस प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी मिळत.

सरळव्याज शिकणाऱ्या वर्गात हे उदाहरण फळ्यावर मांडावे. २००० चे मासिक व्याज २०, वर्षाचे २४०. २४० भागिले २० बरोबर १२. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हिशेब चोख जुळतो, हे पाहून मुलांचे डोळे विस्फारतात. १००० ची ठेव मात्र त्यांनाच सोडवू द्यावी; उत्तर ९० येते.

हिशेब आटोपल्यावर राजाच्या जामाताने एवढे धन कोणाच्या हवाली केले, हे मुलांस विचारावे. तो राजवाडा नव्हता, विणकरांची श्रेणी होती. ज्यांच्या घरी आजही मागाचा खडखडाट असतो, त्या मुलांनी हे उत्तर स्वतःच्या तोंडाने द्यावे. मग त्या श्रेणींतील विणकरांची नावे लेखात शोधण्यास सांगावे. त्यांतील एकाही विणकराचे नाव उषवदाताने कोरविलेले नाही. शेजारच्या लहान लेण्यात मुगुदासाचे मात्र आहे.